दाजी, या वर्षी काय सोडलं होतं?

दाजी, तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला आक्का हसली. पदराचा बोळा तोंडात कोंबून, खांदे गदगदा हलवत हसली. बायकांना वाटलं, हिला हुंदका आवरत नाहीये. दोघीतिघींनी जाऊन तिला धरलं, एकीनं पाणी आणलं, आणि फादरांनी प्रार्थना आटोपती घेतली. तुम्ही असतात तर या प्रकारावर पुढचे सहा महिने काढले असतेत.

हसण्याचं कारण मी होतो. घरचा माणूस म्हणून मला तुमच्याबद्दल चार शब्द बोलायला उभं केलं होतं. मी म्हणालो, ‘‘दाजी आयुष्यभर माझ्याशी वाद घालत आले, पण शेवटी शेवटी फार शांत झाले होते. या उपवासकाळात तर त्यांना माझं एकेक म्हणणं पटत गेलं. हे मनपरिवर्तन बघायला मिळालं, हे माझं भाग्य.’’ ‘मनपरिवर्तन’ हा शब्द मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता. आक्का नेमकी त्याच शब्दाला फुटली.

खरं म्हणजे तिचं हसणं मला तिथंच समजायला हवं होतं. ती माझी सख्खी थोरली बहीण, आणि तुमचा तिचा संसार मी डोळ्यांनी पाहिलेला. पण मी गळा भरून आल्याच्या भरात होतो आणि भाषण चांगलं चाललं होतं.

आपण दोघं कशावरून भांडलो नाही, दाजी? तुम्ही वायरमन, मी एसटीत कंडक्टर. तुम्ही खांबावर आणि मी गाडीत, दोघांचीही नोकरी लोकांच्या शिव्या खाण्यात गेली, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कोणाला तरी सुनावण्याची दोघांनाही गरज असायची. देवानं सोय केली आणि आपल्याला एकाच गावात ठेवलं. राहुरी-पाथर्डी गाडीला उशीर व्हायचा तो रस्त्यामुळे की कंडक्टरमुळे, कांदा उन्हाळी साठवावा की लगेच विकावा, तुमच्या लग्नात भाजी खारट झाली ती आमच्या आचाऱ्यानं केली की तुमच्या काकांनी चव बघायच्या नावाखाली मूठभर मीठ टाकलं म्हणून. यातला एकही प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. सुटू नये याची आपण काळजी घेतली.

आणि लेंट. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढायचे, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू व्हायचा, आणि आपला हंगामही तेव्हाच सुरू व्हायचा. या दिवसांत प्रत्येकानं आपली एखादी आवडती गोष्ट सोडायची असते. तुम्ही काय सोडलं ते चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर करायचात, इलेक्शनचा फॉर्म भरल्यासारखं. मी म्हणायचो, दाजी, फादर आत्ताच आत काय सांगत होते? उपास करणाऱ्यानं गाजावाजा करू नये, कोणाला कळूसुद्धा देऊ नये. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं होतं.

‘‘गुपचूप सोडल्यालं गुपचूप धरताबी येतंय, मेहुणं.’’

तुमचं म्हणणं असं, की माणूस एकटा कमजोर असतो, म्हणून गावाला सांगून ठेवावं. गावानं ते फारच मनावर घेतलं. तुम्ही चहा सोडलात त्या वर्षी अख्ख्या गावात तुम्हाला चहा मिळेना. स्टँडवरच्या हॉटेलातला बबन, ज्यानं जन्मात एक एकादशी धड धरली नाही, तो तुमच्या लेंटचा राखणदार झाला. तुम्ही बाकावर टेकलात की तो लांबूनच सांगायचा, ‘‘वायरमनसायेब, पानी घ्या. चहा ईस्टर झाल्यावर.’’ एकदा तुम्ही जरा मऊ आवाजात कॉफी मागितलीत. सोडला तो चहा, कॉफीचं काही बोललो नव्हतो, असा तुमचा मुद्दा. बबननं पातेलं उपडं घातलं. ‘‘ती चहाची सावत्र बहीन हाय,’’ म्हणाला, ‘‘मला पाप लावू नका.’’ मी शेजारी बसून चहा पीत होतो. इतका चवदार चहा बबननं त्याआधी कधी केला नव्हता.

पण मटणाच्या वर्षाची गोष्ट वेगळी. आपल्या गावची जत्रा चैत्रातली, ती बहुतेक वेळा लेंटमध्येच सापडायची. गावभर बोकडं पडणार, घरोघर आग्रह होणार, आणि वायरमन जेवायला आला नाही तर यजमानाला वाटणार की आपल्या घरचा फ्यूज आता गेला तर जोडला जाणार नाही. तुम्ही तोडगा काढलात. सगळ्यांकडे गेलात, आणि सगळ्यांकडे नुसता रस्सा आणि भाकरी खाल्लीत. फोडी बाजूला काढून ठेवल्यात, अगदी दिसतील अशा. परत येताना पाच घरांच्या रश्श्यानं तुमचं कपाळ घामानं डबडबलं होतं आणि चेहऱ्यावर संताची शांती होती.

‘‘रस्सा म्हंजी मटन न्हाई,’’ तुम्ही मला म्हणालात. ‘‘ते मसाल्याचं पानी हाय.’’

मी म्हणालो, मग ते पाणी वांग्याच्या भाजीतून का नाही घेतलं? तीन आठवडे हा वाद चालला. शेवटी आक्कानंच वैतागून प्रकरण फादरांकडे नेलं. फादर मंगळूरकडचे, मराठी तोलूनमापून बोलणारे. त्यांनी आपल्या दोघांचंही नीट ऐकलं आणि तुम्हाला एकच विचारलं, ‘‘रस्सा चांगला झाला होता?’’

‘‘लई,’’ तुम्ही बोलून गेलात.

‘‘मग मटणच.’’

घरच्या दारात आल्यावर म्हणालात, फादरला आपल्याकडचा रस्सा कुठं माहिती आहे. म्हणजे ते अपीलही प्रलंबितच राहिलं.

हे सगळं हसण्यावारी न्यायचं झालं तरी, सोडण्यामागचं तुमचं म्हणणं मला माहीत होतं, दाजी. ते तुम्ही एकदाच नीट सांगितलं होतं, कॅनॉलच्या कडेनं आपण फिरायला गेलो होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, ‘‘लाइट हाय तवर तारंकडं कोन बघतंय का? गेली की समदे वर बघत्यात. मानसाची एखांदी लाइट मधूनमधून घालवावीच लागती. त्याबिगर तो वर बघत न्हाई.’’

मी म्हणालो, वर बघतात आणि वायरमनला शिव्या घालतात.

‘‘शिव्या घालत्यात म्हंजी आठवन तर काढत्यात,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘देवाला तेवढंबी चालत आसंल.’’

त्यावर मी म्हणालो की तुमच्या चपलेला शेण लागलंय.

शालिनी आजारी पडली ते वर्ष मी तुमच्यापेक्षा मोठा उपास केला. माझी बायको नगरच्या दवाखान्यात होती, आणि मी चहा सोडला, मटण सोडलं, तंबाखू सोडली, मीठ सोडलं, गादी सोडली. देवाला सरळ सांगितलं, हे सगळं घे आणि हिला राहू दे. ईस्टरच्या आधीच ती गेली. तेव्हापासून मी चर्चला जातो, कपाळावर राख घेतो, पण सोडत काही नाही. उलट लेंटभर बबनच्या हॉटेलात समोरच्या बाकावर बसून चहा पितो, तुम्हाला आणि देवाला दोघांनाही दिसेल असा.

आणि दर वर्षी तुम्ही मला त्यावरून छेडायचात. मी शालिनीचा विषय काढायचो, एक वाक्य बोलायचो, दुसरं सुरू करायचो, की तुम्ही झडप घालायचात. ‘‘तुमी सौदा केला, मेहुणं, तितंच चुकलं. सोडनं म्हंजी सौदा न्हाई.’’ मग मी उठायचो. तुम्ही मागून हाका मारायचात. आक्का दोघांना शिव्या घालायची. शालिनीबद्दल मला काय बोलायचं होतं ते राहून जायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटायचं. भांडण काढलं की रडायचं कारण राहत नाही.

आता या वर्षीचं. राखेच्या बुधवारी तुम्ही चर्चमधून बाहेर आलात, पायरीवर लोक थांबले होते, आणि तुम्ही चपला घालून सरळ चालू लागलात. मीच विचारलं, ‘‘दाजी, या वर्षी काय सोडलं?’’

‘‘ते सांगायचं न्हाई.’’

गावात हलकल्लोळ झाला. बबन माझ्याकडे धावत आला, ‘‘उद्या सायेब आले तर चहा देऊ का नको?’’ मी म्हणालो देऊन बघ. तुम्ही प्यायलात. जत्रेच्या आमंत्रणांना तुम्ही नाही म्हणालात, पण छातीच्या दुखण्यामुळे मटण डॉक्टरांनी आधीच बंद केलं होतं, आणि डॉक्टरनं सोडायला लावलेलं लेंटमध्ये धरत नाहीत, हा तुमचाच जुना निकाल होता. दुपारची झोप? घोरणं रस्त्यावर ऐकू येत होतं. टीव्हीवरच्या बातम्या? त्याही मोठ्या आवाजात चालू होत्या. बबनला शेवटी वाटलं की तुम्ही लेंटच सोडलाय. मला मात्र आनंद झाला. एवढ्या वर्षांनी माझं म्हणणं तुम्हाला पटलं होतं, की उपास गुपचूप करावा.

मी तसं तुम्हाला म्हणालो. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत, लोटाभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, ‘‘खरंय तुमचं, मेहुणं.’’

दाजी, त्या दिवसाचं वर्णन मी करू शकत नाही. रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मग मी सुटलोच. रोज संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन एकेक जुनं प्रकरण काढायला लागलो. रस्सा म्हणजे मटणच. ‘‘खरंय तुमचं.’’ गाडीला उशीर रस्त्यामुळेच व्हायचा. ‘‘व्हय, रस्ता लई खराब हुता.’’ भाजी खारट केली ती तुमच्या काकांनी. इथं मात्र तुम्ही उपरण्याचं टोक दातात धरलंत, मान लाल झाली, उठून गोठ्याकडे गेलात आणि रिकाम्या गोठ्यात उगाच खराटा मारून आलात. ‘‘आसंल,’’ म्हणालात. मला वाटलं तुम्हाला गॅस झालाय. मी आक्काला ओव्याचं पाणी द्यायला सांगितलं. ती आत तोंड फिरवून भांडी घासत होती, आणि आता आठवतं, तिचे खांदे तेव्हाही हलत होते.

अशा विजयांनी माणूस सैल होतो. एका संध्याकाळी, काही न ठरवता, मी शालिनीचा विषय काढला. एक वाक्य बोललो, दुसरं बोललो, आणि तुम्ही झडप घातली नाहीत. मला थांबायची सवय होती, म्हणून थांबलोही. तुम्ही नुसते बघत होतात. मग मी तिसरं बोललो आणि पुढचं आपोआप येत गेलं. दवाखान्यात ती माझ्या अळणी जेवणाला कशी हसायची, ‘तुम्ही खाता आणि तोंड माझं वाकडं होतं’ म्हणायची, ते सांगितलं. मग ते सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तिनं मला विचारलं, ‘‘एवढं सगळं सोडून तुम्हाला मिळणार काय?’’ आणि मी म्हणालो, ‘‘तू.’’ ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर आमचं असं बोलणं झालंच नाही.

तुम्हाला मी विचारलं, ‘‘आता सांगा दाजी, सोडून काय उपयोग झाला? काही उपयोग नसतो.’’

मी वाट बघत होतो. सौदा म्हणाल, चुकलं म्हणाल, लाइट आणि तारा काढाल. मी चपला पायांत सरकवून तयार होतो. तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, ‘‘खरंय तुमचं.’’

घरी जाताना मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. कोणीतरी ओट्याची पायरी काढून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतर दोन दिवस मी आलो नाही. तिसऱ्या दिवशी आलो तेव्हा तुम्ही फाटकापर्यंत सोडायला आलात. ‘‘ईस्टरला या. सकाळच्याला लवकर या,’’ म्हणालात. डोळे असे चमकत होते की मला वाटलं आक्काच्या नकळत मटणाचा बेत केलाय. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्याही आधी, सकाळचा चहा पिऊन, कप हातात असतानाच तुम्ही गेलात.

प्रार्थना आटोपून लोक गेल्यावर मी आत आलो. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती आणि आक्का ताटं घेत होती. मी जरा रागानंच विचारलं की हसायला काय झालं. ती खाली बसली आणि पुन्हा तेच. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातलं कुठलं कशाचं ते मला कळेना.

‘‘मनपरिवर्तन,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘आरं येड्या, त्यांनी तुझ्यासंगं वाद घालायचं सोडलं हुतं. लेंटपुरतं. ईस्टरला समदी उत्तरं देनार हुते.’’

मी भाकरी खाली ठेवली.

‘‘रोज तू गेलास की मला म्होरं बसवायचे आन तुला द्यायची उत्तरं मला द्यायचे,’’ आक्का म्हणाली. ‘‘त्यांचा लेंट, आन उपास घडला मला. काकाच्या मिठाचं तर मला पाठ झालंय. सांगू का?’’

दाजी, मी जिंकलेले सगळे वाद मी एका ताटावर बसून हरलो. आणि तरी मला एक हरकत नोंदवायचीच आहे. वाद सोडला म्हणता, आणि घरी येऊन आक्कापुढे सगळी उत्तरं चाखत होतात? हा रस्साच झाला. फोडी बाजूला काढून ठेवल्यात एवढंच. मी आक्काला हे म्हणालो तर ती म्हणाली, ‘‘हेबी म्हनशील आसं म्हनले हुते. त्याचंबी उत्तर हाय.’’ मी हात जोडले.

पण जेवताना माझं लक्ष दुसरीकडेच होतं. चहा, मटण, तंबाखू, एवढ्या वर्षांत तुम्ही जे जे सोडलंत ते तुमचं सगळ्यात आवडतं होतं. दर वर्षी तेच सोडायचं असतं. आणि आता सोडण्यासारखं उरलेलं तुमचं सगळ्यात आवडतं जे होतं, ते माझ्याशी भांडण होतं. हे तुम्ही मला जन्मात तोंडानं सांगितलं नसतंत, आणि मीही ऐकून घेतलं नसतं. आक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग मी विचारलंच. ‘‘आक्का, शालिनीचं बोललो होतो त्या दिवशी... त्याचं काय उत्तर होतं?’’

ती हसायची थांबली. उष्टा हात तसाच ताटावर धरून बसली.

‘‘त्या दिशी त्यांनी मला म्होरं बसवलं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘तू गेल्यावर वट्ट्यावरच बसून ऱ्हायले. मीच भाईर गेले, म्हनलं, आज काय काढलंय उत्तर? तर म्हनले, ‘ह्याचं उत्तर न्हाई माज्याकडं. ते मी खरंच बोललो.’ मंग म्हनले, ‘इतकी वर्सं मी त्याला दोन वाक्याच्या फुडं जाऊ दिलं न्हाई गं. ह्या वर्सी गप बसलो म्हनून ऐकाय तरी आलं.’’’

मी हात धुऊन बाहेर आलो आणि तुमच्या ओट्यावर बसलो. रस्त्यानं बबन चाललेला, त्यानं लांबूनच विचारलं, कळलं का काय सोडलं होतं? मी नाही म्हणून मान हलवली. त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

म्हणजे दाजी, या लेंटमध्ये मी तुमच्याशी एकच वाद खरा जिंकलो, आणि नेमका तोच मला हरायचा होता. दर वर्षी हरायलाच येत होतो मी तुमच्याकडे. कोणीतरी ठणकावून सांगावं की उपयोग असतो, ती गेली तरी असतो, आणि मी म्हणावं की नसतो, आणि त्यानं पुन्हा सांगावं. तेवढ्यासाठी तरी ईस्टरपर्यंत थांबायचं होतंत. काहीतरी सुचलं असतं तुम्हाला, तुम्हाला नेहमीच सुचायचं. चुकीचं असतं तरी चाललं असतं, दाजी. मी मध्ये बोललो नसतो.